मौनाची मुदत

संपादकबाईंचा फोन आला तेव्हा मी मारतहळ्ळीच्या बाजारात कढीपत्ता निवडत होते. यंदा दिवाळी अंकात बंगळूरच्या मराठी माणसांनी आपल्या कामातल्या एखाद्या यशाबद्दल लिहायचं आहे, तुम्ही लिहाच, असं त्या म्हणाल्या. मी हो म्हटलं आणि घरी येईपर्यंत विचार करत राहिले. सगळ्यांनी मान्य केलेलं, अभिनंदनाचे फोन आलेलं यश मला नोकरीत एकदाच मिळालं. त्या दिवशी ऑफिसात केकसुद्धा आला होता. पण केक कापायच्या आधीच आम्हाला कळलं की ज्या हिराक्कासाठी आम्ही धडपडलो, तिचंच तोंड त्या यशानं बंद केलं आहे. तो धक्का अजून माझ्यातून गेलेला नाही. म्हणून तेच लिहिते.

आधी काम काय होतं ते सांगते, कारण माझ्या सख्ख्या बहिणीलाही ते नीटसं कळलेलं नाही. सगळ्या देशांनी मिळून चालवलेलं मानवी हक्कांचं एक मंडळ आहे. ते युरोपातल्या एका शहरात भरतं. त्याचं लांबलचक नाव इथे घेत नाही, आम्ही नुसतं 'मंडळ' म्हणायचो. तिथे देशांचे राजदूत बोलतात आणि अधूनमधून, ज्यांच्यावर काही गुदरलं आहे अशा साध्या माणसांनाही बोलू देतात. त्यांना मिळतं दीड मिनिट. चहा गाळून कपात ओतून होतो तेवढा वेळ. कोरमंगलातल्या आमच्या लहानशा संस्थेत मी मराठी, कन्नड आणि इंग्रजीची दुभाषी होते. माणसाचं दुःख ऐकून घ्यायचं, त्यातलं दीड मिनिटात मावेल तेवढं ठेवायचं आणि तरीही ते त्याचंच राहील असं बघायचं, हे माझं काम.

हे काम करताना मला नेहमी आईची आठवण यायची. मी निपाणीची. आई विड्या वळायची. मुकादम तिच्या सुपातल्या विड्या 'खराब' म्हणून बाजूला काढायचा आणि ती काही बोलायची नाही. घरातली पहिली पदवी माझी. शाळेतल्या हेडबाईंनी हट्टानं मला धारवाडला पाठवलं, नाहीतर मीही सूप घेऊन बसले असते. त्यामुळे मोठ्या सभागृहात कोणीतरी आपल्या माणसांचं ऐकतं, या गोष्टीवर माझा अगदी भाबडेपणानं विश्वास होता. आमच्या संचालक फिलोमिना मॅडम मंगळूरकडच्या. त्या मला चिडवायच्या, "सुमन, तू मंडळाचं नाव घेताना चप्पल काढतेस की काय?"

हिराक्का आमच्याकडे आली ती मारतहळ्ळीच्या मागच्या पत्र्याच्या वस्तीतून. ती मूळची रायबागकडची. नवरा मारुती एका कंत्राटदाराकडे होता. मोठ्या अपार्टमेंटच्या तळघरात सांडपाणी शुद्ध करायची टाकी असते, एसटीपी म्हणतात तिला. ती साफ करायला त्याला आत उतरवलं आणि तो आतल्या वायूनं गेला. त्या दिवशी रहिवाशांच्या व्हॉट्सअॅप गटावर निरोप फिरला होता, 'तांत्रिक कारणामुळे दुपारपर्यंत पाणी येणार नाही.' हिराक्का त्याच इमारतीत दोन घरची धुणीभांडी करत असल्यामुळे तिला तो एका मालकिणीनं वाचून दाखवला होता. आपला नवरा म्हणजेच ते तांत्रिक कारण, हे तिला नंतर कळलं.

तिला भरपाईबद्दल बोलायचं नव्हतं. तो खटला वेगळा चालू होता. तिला वेगळंच काहीतरी बोलायचं होतं.

"कंत्राटदारानं पोलिसांस्नी सांगितलं, मारुतीला उतर म्हटलं, तो काय बोलला न्हाई, गप उतरला. म्हंजे त्याची हरकत नव्हती," ती म्हणाली. "मॅडम, त्यो गप होता. तयार नव्हता. ह्ये दोन येगळं हाय. एवढंच मला सांगायचं हाय, पन मोठ्या मान्सांस्नी सांगायचं हाय."

"मोठी माणसं म्हणजे?" मी विचारलं.

"ज्यांनी असं लिवून घेतलं त्यांच्यापेक्षा मोठी."

मी तिचं निवेदन बसवलं. इतर सगळं कापलं, ती दोन वाक्यं मात्र तशीच ठेवली. आमच्या धंद्यात याला काटा म्हणतात. निवेदनात एक काटा हवा. तो ऐकणाऱ्याला घरी गेल्यावरही टोचला पाहिजे.

अडचण अशी होती की मंडळाच्या नियमानुसार बोलणारा माणूस त्या सभागृहात हजर हवा आणि त्यानं त्यांच्या ठरलेल्या भाषांपैकी एकीतच बोलायला हवं. हिराक्काकडे पासपोर्ट नव्हता आणि ती भाषाही नव्हती. जगभर अशी किती हिराक्का असतील. म्हणून आमच्यासारख्या अनेक देशांतल्या संस्थांनी मिळून एक सुधारणा मागितली होती. माणसाला त्याच्या गावातून, व्हिडिओवरून, त्याच्या भाषेत बोलू द्या, शेजारी दुभाषी बसेल. मागणी एवढीशीच, पण मंडळाचा नियम बदलायचा तर देशांचा पाठिंबा लागतो. संस्थांना मत नसतं. तेव्हा एकेका देशाला गाठायचं, समजवायचं, त्याच्याकडून 'आमचा पाठिंबा आहे' असं वदवून घ्यायचं, हे काम सुरू झालं. त्या कामातच मी वेंकटराव अण्णांना भेटले.

वेंकटराव अण्णा जयनगरात राहतात. घराणं कित्येक पिढ्यांपासून इथलं, घरात मराठी बोलतात पण ती निम्मी कन्नड झालेली. ग्रॅनाइटच्या व्यापारामुळे त्यांचा संबंध दूरच्या एका बेटांच्या देशाशी आला आणि त्या देशानं त्यांना बंगळूरमधला आपला मानद वाणिज्यदूत नेमलं. म्हणजे पगार नाही, अधिकार नाही, पण फाटकावर पाटी आणि समारंभाला गाडीवर झेंडा. त्या देशाची राजदूतबाई मंडळात लहान देशांची पुढारी होती. तिच्यापर्यंत पोचायचा रस्ता फिलोमिना मॅडमनी शोधून काढला तो असा जयनगरातून जाणारा.

"बसा अक्का, स्वल्प कॉफी घ्या," अण्णा म्हणाले. "आमचा देश लहान हं. एवढा की सगळी प्रजा आमच्या या बाजारात उभी केली तर वर रिक्षाला जागा उरेल. पण तिथं मत सगळ्यांचं एक एकच. मोठ्याचं एक, आमचंही एक."

"राजदूतबाई आपलं ऐकतील?"

"ऐकते. मुलीसारखी आहे. इथे आली होती तेव्हा आमच्या घरचा बिसीबेळे भात दोनदा वाढून घेतला तिनं. सरी, ठीक आहे, मी बोलतो."

आणि खरंच ते बोलले. राजदूतबाईंनी आपली शेजारची बेटं गोळा केली, मग आफ्रिकेतले काही देश, मग लॅटिन अमेरिकेतले. हळूहळू पाठिंबा एवढा वाढला की मला स्वप्नात असल्यासारखं वाटायला लागलं. मी हिराक्काला सांगितलं, नवा नियम झाला की सगळ्यात आधी बोलणाऱ्यांमध्ये तुझं नाव असेल. ती ऑफिसात येऊन सराव करायला लागली. ती बोलायची आणि शेजारी बसून मी इंग्रजीत सांगायची. 'त्यो गप होता' पाशी ती दर वेळी थांबायची आणि मीही थांबायची.

आता मंडळातली एक रीत सांगायला हवी, कारण सगळं तिच्यावरच अडलं. हे लोक शक्यतो मतदान करत नाहीत. मसुदा तयार झाला की तो सगळ्या देशांना पाठवतात आणि एक मुदत देतात. तिला मौनाची मुदत म्हणतात. त्या मुदतीत कोणी काही लिहिलं नाही, तर मसुदा सगळ्यांना मान्य आहे असं धरतात. एखाद्याला मान्य नसेल तर त्यानं 'मौन मोडायचं', म्हणजे तसं लिहून कळवायचं. मग मसुदा परत जातो आणि पुन्हा सगळी चर्चा. मला ही रीत पहिल्यांदा कळली तेव्हा फार सुसंस्कृत वाटली होती. भांडण नाही, हात वर करणं नाही.

पहिल्या खेपेला आमचाच घात आमच्या एका मित्रानं केला. मसुदा अगदी हवा तसा होता. पण पाठिंबा देणाऱ्या एका देशाच्या प्रतिनिधीला तो आणखी चांगला करायचा होता. त्यानं एक शब्द बदला असं कळवलं. हेतू चांगलाच होता, पण नियमानं मौन मोडलं गेलं आणि मसुदा परत गेला. फिलोमिना मॅडम डोकं धरून बसल्या. "आपल्याला शत्रूची गरज काय, सुमन? आपल्याकडे उत्साही मित्र आहेत."

मग आम्ही सगळ्या संस्थांनी मिळून मित्रदेशांना विनंती केली. पुढच्या खेपेला कृपा करून कोणी काही सुचवू नका. आमच्यासाठी एवढंच करा, गप्प राहा. मी स्वतः अण्णांकडे जाऊन हे सांगितलं. अण्णा हसले. "चाळीस वर्षं व्यापार केला, कोणी मला गप्प बसायची फी देत नाही. तुम्ही तर फुकट मागताय." पण त्यांनी निरोप पोचवला. सगळ्यांनी शब्द दिला.

दुसऱ्या खेपेचा मसुदा गेला तेव्हा त्यावर 'तांत्रिक दुरुस्त्यांसह' असं लिहिलं होतं. आम्हाला मसुदा सरळ येत नसे, कोणीतरी मित्रदेशानं पाठवला तर मिळायचा. या वेळी तो कोणी पाठवला नाही. दुसऱ्या कोणीतरी पाठवलाच असेल, असं प्रत्येकाला वाटलं. मुदत संपली. कोणीही काही लिहिलं नाही. सुधारणा मंजूर झाली.

सकाळी ऑफिसात अभिनंदनांचा पाऊस पडत होता. कोपऱ्यावरच्या बेकरीतून केक मागवला गेला. हिराक्काला मी फोन करून बोलावलं होतं, ती कामं आटपून येणार होती. तेवढ्यात मंजूर झालेला मसुदा आला आणि फिलोमिना मॅडमनी तो मोठ्यानं वाचायला घेतला. गावातून बोलता येईल, हो. आपल्या भाषेत बोलता येईल, हो. दुभाषी शेजारी बसू शकेल, हो. आणि मग एक तुकडा आला, जो आधी कधीच नव्हता: 'संबंधित देशानं आपली हरकत नसल्याचं कळवलं असल्यास.'

मॅडम थांबल्या. त्यांनी ते परत वाचलं. मग कागद माझ्याकडे दिला, जणू मी वाचल्यावर तिथे काही वेगळं निघेल.

संबंधित देश म्हणजे बोलणाऱ्याचा स्वतःचाच देश. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्यानंच तक्रार करायला लेखी मोकळीक द्यायची. जुन्या नियमात निदान विमानाचं तिकीट काढून कोणी गेलं तर त्याला कोणाला विचारावं लागत नव्हतं. हा तुकडा कोणी घातला, हे आजपर्यंत आम्हाला कळलेलं नाही. तांत्रिक दुरुस्तीला नाव नसतं.

तेवढ्यात राजदूतबाईंचाच अभिनंदनाचा फोन आला. मॅडमनी तो स्पीकरवर ठेवला. राजदूतबाईंचा आवाज अगदी आनंदी होता. मॅडम म्हणाल्या, "ते नवं वाक्य तुम्ही वाचलं होतंत?"

"हो, वाचलं होतं."

"मग?"

"पण तुम्हीच सांगितलं होतं की काहीही झालं तरी गप्प राहा. मला वाटलं, तुम्हाला एवढी तडजोड चालणार आहे. आम्ही सगळ्यांनी एकमेकांना आठवण करून दिली, कोणी मौन मोडू नका म्हणून."

त्या खोटं बोलत नव्हत्या. हेच मला सहन होईना. ओळीनं एवढे देश, प्रत्येकानं ते वाक्य वाचलेलं, प्रत्येकाला ते खटकलेलं, आणि आमच्यावरच्या प्रेमापोटी प्रत्येक जण गप्प बसलेला. विरोधकांना काही करावंच लागलं नाही. आमच्या पाठिंब्यानंच आमचं काम संपवलं. मी आयुष्यात इतकी सुन्न कधी झाले नव्हते. आई गेली तेव्हाही मला काय करायचं ते कळत होतं.

हिराक्का आली तेव्हा केक तसाच होता. मी तिला समजावून सांगितलं. ती नीट ऐकत होती.

"म्हंजे कुनाची हरकत नव्हती?"

"होती. सगळ्यांची होती. पण कोणी लिहिलं नाही."

"आनि न्हाई लिवलं तर चालतंय असं धरत्यात."

"हो."

ती माझ्याकडे बघत राहिली, आणि तिच्या डोक्यात काय चाललं असेल ते मला समजलं. मी मान खाली घातली. मग तीच म्हणाली, "केक कापा की. पोरं वाट बघाय लागल्यात." ऑफिसातल्या तरुण मंडळींना ती पोरं म्हणायची.

तरीही आम्ही अर्ज केला. हरकत नसल्याचं पत्र मागितलं. कोणाकडे मागायचं हेच आधी कोणाला ठाऊक नव्हतं, कारण असं पत्र यापूर्वी कोणी मागितलेलं नव्हतं. अर्ज एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेला. प्रत्येक टेबलावरचा माणूस सभ्य होता. हरकत आहे असं कोणी म्हणालं नाही. हरकत नाही असंही कोणी म्हणालं नाही. तिथे मंडळात गप्प राहिलं की होकार धरत होते आणि इथे गप्प राहिलं की नकार. दोन्हीकडे हिराक्काच्या वाट्याला तेच आलं.

मंडळाच्या यादीत तिचं नाव लागलेलं होतं, म्हणून पत्र नसतानाही तिची पाळी होती त्या दिवशी आम्ही ऑफिसात बसलो. शेवटच्या क्षणी पत्र आलं तर, अशी आशा. अण्णाही आले होते, कोट घालून. पडद्यावर ते मोठं सभागृह दिसत होतं. हिराक्कानं धुवट जरीकाठाची साडी नेसली होती आणि तिला तहान लागत होती. मंडळाकडून आलेल्या चौकटीत आम्ही आम्हालाच दिसत होतो, आवाज मात्र बंद होता आणि तो उघडणं आमच्या हातात नव्हतं. अध्यक्षांनी तिचं नाव घेतलं, चुकीच्या उच्चारानं का होईना घेतलं. मग ते म्हणाले की तांत्रिक कारणामुळे या वक्त्या बोलू शकणार नाहीत.

हे मी तिला भाषांतर करून सांगणं भाग होतं. माझ्या नोकरीतलं ते सगळ्यात अवघड वाक्य होतं. शब्द सोपे होते. तिनं ते आधी एकदा ऐकलेले होते, हीच अडचण होती.

"तांत्रिक कारण," मी सांगायच्या आत हिराक्काच म्हणाली. भाषांतराची गरज नव्हती, तेवढं इंग्रजी तिला आता कळत होतं.

पुढचा वक्ता बोलायला लागला. अण्णा उठून खिडकीपाशी गेले. पाठमोरेच म्हणाले, "अक्का, मला फार लाज वाटते. माझ्या गाडीवर त्यांचा झेंडा आहे."

"तुमचा काय गुन्हा वो अण्णा," हिराक्का म्हणाली. "तुमाला गप बसा म्हटलं, तुमी बसला."

ती हे समजूत घालायला म्हणाली. अण्णांना ते कसं लागलं हे मी पाहिलं.

मी निवृत्त व्हायच्या सुमारास मंडळानं नव्या नियमाचा आढावा घ्यायचं ठरवलं. सुधारणा समाधानकारक चालू आहे आणि ती कायम करावी, असा मसुदा निघाला. त्यालाही मौनाची मुदत. व्हिडिओवरून बोलायला मोकळीक मिळालेली माणसं बोललीच होती की, ज्यांच्या देशांना त्यांचं बोलणं आवडत होतं ती. हिराक्काला मी काही सांगणार नव्हते. पण ती दर महिन्याला फोन करायची, तसा केला आणि मला तिच्याशी खोटं बोलता येत नाही.

"चला जयनगरला," ती म्हणाली.

अण्णांच्या बैठकीत ती खुर्चीवर बसली नाही, उभी राहूनच बोलली. "अण्णा, तुमच्या देशाला सांगा, ह्या बारीला गप बसू नका."

"तो माझा देश नाही हो अक्का. मी नुसता झेंडा लावतो. आणि एकट्यानं मौन मोडलं तर तिथं फार वाईट दिसतं. पुढे कोणी त्यांचं काम करत नाही. लहान देश आहे, त्यांना सगळ्यांची गरज लागते."

"व्हय," ती म्हणाली. "लहान मान्साला गरज लागती. म्हणूनच गप बसतंय त्ये."

अण्णांनी कॉफी सांगितली. कॉफी पिऊन आम्ही निघालो, तेव्हा ते फाटकापर्यंत आले आणि 'बघतो' एवढंच म्हणाले. बंगळूरमध्ये बघतो म्हणजे काय, ते मला इतक्या वर्षांनी माहीत आहे. मी काही आशा धरली नाही.

मुदत संपली त्या दिवशी अण्णांचा फोन आला. आवाज चढलेला होता. "सुमन, आमच्या देशानं मौन मोडलं. एकट्यानं. सगळं परत गेलं, तिथं सगळे चिडलेत. माझ्या मुलीला, म्हणजे राजदूतबाईला, जेवणाच्या टेबलावर कोणी शेजारी घेत नाही म्हणे."

त्यानं नियम बदललेला नाही. चर्चा पुन्हा सुरू झाली आहे आणि हिराक्का अजून बोललेली नाही. यश म्हणावं असं यात काही नाही, संपादकबाईंनी क्षमा करावी.

मी हिराक्काला सांगायला तिच्या घरी गेले. ती दारात बसून मेथी निवडत होती. मी सांगितलं ते तिनं हात न थांबवता ऐकलं.

"काय लिवलं त्यांनी?"

"फार काही नाही. 'आमची हरकत आहे', एवढंच."

तिचे हात थांबले. मेथीची जुडी मांडीवर तशीच राहिली.

"एवढंच म्हणायचं होतं मारुतीला," ती म्हणाली.